पत्रांतून होणारा ‘कुटुंब उपचार’ आणि एक धोकादायक सल्ला

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा पंधरा वर्षांचा मुलगा काही महिन्यांपासून शाळेत जायचे नाव काढत नाही. तिच्या चिंतेत भर घालणारा एक लांबलचक संदेश सध्या तिकडच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत आहे. मुलाला युटा किंवा नॉर्थ कॅरोलायनातील ‘विल्डरनेस थेरपी’साठी, म्हणजे मुलांना घरापासून दूर रानात ठेवून त्यांचे वागणे सुधारण्याच्या कार्यक्रमासाठी, आठ-दहा आठवडे पाठवा; कार्यक्रमाला सरकारी परवाना असल्याने तो सुरक्षित आहे; पालकांवरही कुटुंब उपचार होतात; आणि मुलाने पत्रातून तक्रार केली, तर ती घरी परतण्यासाठीची चलाखी समजून दुर्लक्ष करा, असे त्यात सांगितले आहे.

यातला शेवटचा सल्ला जीवघेणा आहे, म्हणून तो आधी घेते. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने ऑक्टोबर २००७ मध्ये अशा कार्यक्रमांविषयी साक्ष दिली. १९९० ते २००४ या काळातील दहा मुलांच्या मृत्यूंची प्रकरणे या संस्थेने तपासली होती. उन्हात चालून कोसळलेले किंवा पोटदुखीने विव्हळणारे मूल ढोंग करीत आहे, अशी कर्मचाऱ्यांनी स्वतःची समजूत करून घेतल्याचे त्यांत आढळते. रानात मुलाजवळ फोन नसतो, त्यामुळे आईवडिलांना लिहिलेले पत्र हीच त्याची एकमेव दाद मागण्याची जागा असते. तीही आधीच खोटी ठरवून ठेवा, असे सांगणाऱ्याला उपचार या शब्दाचा अर्थ तरी कळतो का?

परवान्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. नॉर्थ कॅरोलायनातील ‘ट्रेल्स कॅरोलायना’ या अशाच कार्यक्रमालाही परवाना होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे दाखल झालेला बारा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी सकाळी मृतावस्थेत आढळला. गुदमरून मृत्यू झाल्याचे शवविच्छेदनात निष्पन्न झाले आणि परवाना त्याच वर्षी मे महिन्यात रद्द करण्यात आला.

राहिला कुटुंब उपचार. पालकांचा समुपदेशकाशी आठवड्याला एक फोन, पत्रांची देवाणघेवाण आणि एखादे पालक-शिबिर, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. रोजच्या भांडणाने थकलेल्या घराला काही आठवड्यांची उसंत मिळते, आणि कार्यक्रमानंतर मुलांचा आत्मविश्वास वाढल्याचे दाखवणारे अभ्यासही आहेत, हे मान्य करावे लागेल. मात्र त्यांतील बहुतेकांत घरीच राहिलेल्या तशाच मुलांशी तुलना केलेली नसते, त्यामुळे ही सुधारणा रानामुळे झाली की काळामुळे, हे ठरवता येत नाही. शिवाय ज्या जेवणाच्या टेबलावर वाद पेटतो, तिथे मूलच नसेल, तर वाद हाताळण्याची नवी रीत पालक कोणाबरोबर शिकणार?

गंमत अशी की, ज्या युटात हा धंदा फोफावला, तिथल्याच विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फंक्शनल फॅमिली थेरपी’ विकसित झाली. तिच्यात मूल घरीच राहते आणि समुपदेशक आईवडिलांना व मुलाला एकत्र बसवून काम करतो. बहिणीने चौकशी करायचीच असेल, तर आपल्या गावाजवळ ही पद्धत शिकलेला समुपदेशक आहे का, याची आधी करावी.