त्या शेवया नव्हत्या

अंड्याच्या नूडल्स घरी, हाताने करायच्या असं मी रविवारी सकाळी जाहीर केलं. आईने लगेच पोळपाट-लाटणं उचलून देवघराजवळ नेऊन ठेवलं. तिच्या लग्नातलं ते पोळपाट. शंकरपाळ्यांच्या पलीकडचं पाप त्याने पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, हरकत नाही, ओटा आहे आणि कोकम सरबताची रिकामी बाटली आहे.

कृती अगदी साधी होती. २०० ग्रॅम मैदा, २ अंडी, चिमूटभर मीठ. पाणी नाही. मैद्याचा ढीग करायचा, नारळाच्या झाडाला करतात तसं मधोमध आळं करायचं, त्यात अंडी फोडायची आणि काट्याने फेटत फेटत कडेचा मैदा हळूहळू आत ओढायचा. मी उत्तरेकडचा काठ सांभाळत होतो, तेवढ्यात दक्षिणेकडचा फुटला. पिवळा लोंढा शेगडीच्या दिशेने निघाला.

"पानशेत," आई दारातून म्हणाली. १९६१ साली पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तिथल्याच शनिवार पेठेत राहत होती. त्यामुळे पुढे बोलायला जागाच उरली नाही.

दोन्ही हातांनी पूर अडवला, उरलं ते मळायला घेतलं. आधी भुसा, मग दगड, आणि दहा मिनिटांनी, मनगटं गेल्यावर, बऱ्यापैकी गुळगुळीत गोळा. बाटलीने लाटायला लागलो तर जेवढं लाटावं तेवढं ते परत आक्रसायचं. गोळ्याला माहेरी जायची घाई झाली असावी.

"मुरू दे की अर्धा तास," आई म्हणाली. मैद्यातला ताण सैल पडायला तेवढा वेळ लागतोच. कृतीतही हे लिहिलं होतं, पण मी वरच्या ओळीवरच उत्साहाने उठलो होतो.

अर्ध्या तासानंतर पोळी खरंच शहाण्यासारखी लाटली गेली. आता वरून भरपूर मैदा भुरभुरून गुंडाळी करायची आणि सुरीने बारीक कापायची. भुरभुरण्यात मी कोकणस्थी काटकसर केली, त्यामुळे निम्मी गुंडाळी उलगडलीच नाही. उरलेल्यांत काही दोऱ्याएवढ्या होत्या, काही लेंग्याच्या नाडीएवढ्या. बाल्कनीतल्या कपड्यांच्या स्टँडवर, माझ्या दोन शर्टांच्या मधल्या दांडीवर, त्या टांगल्या.

समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "ऐन पावसाळ्यात कुरडया?"

"नूडल्स आहेत."

"हो का? शेवया! छान."

ताज्या नूडल्स उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत शिजतात. दोरे तेवढ्यात विरघळले, नाड्या दहा मिनिटांनंतरही दाताला दाद देईनात. चिकटलेल्या जोड्या सोडवायला नंतर सढळ हाताने टाकलेला मैदा सगळा पाण्यात उतरला आणि पातेल्यात खळ तयार झाली. आईने डोकावून पाहिलं. "अंडं नसतं तर दोन सुती साड्या निघाल्या असत्या."

कोबी, सिमला मिरची, सोया सॉस घालून परतलं. मुलीने दोनदा मागून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, चकोल्या मस्त झाल्यात." बायको मन लावून जेवत राहिली.

सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या कॉलरवरून काहीतरी कडक, वळलेलं अलगद ओढून काढलं आणि उजेडात धरलं.

"शेवई?"

"नूडल," मी म्हणालो.