पोस्टर तेवढं उरलं
'एनक्यूएएस' म्हणजे सरकारी रुग्णालयांसाठीची राष्ट्रीय दर्जा मानकं. त्यांच्या तपासणीचं पथक येऊन गेलं की रुग्णालय सुधारतं, असा तुम्ही छापलेल्या लेखाचा सूर आहे. मला तो पटला नाही. आई एका सरकारी रुग्णालयात दाखल असताना नेमकी तपासणी आली. आदल्या रात्री वॉर्डात कोऱ्या चादरी, बेसिनवर साबणाची बाटली, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर. चार दिवसांनी पोस्टर तेवढं उरलं! संडासाची कडी आधीही तुटकी होती, नंतरही. आई आत गेली की मी बाहेर दार धरून उभी.

खरं तर या तपासणीत नुसती रजिस्टरं बघायची नसतात, रुग्णांशी बोलणं हाही तिचाच भाग आहे. आमच्याकडे पथक खाटेपासून हातभर अंतरावरून गेलं, आईला कुणी एक शब्द विचारला नाही. (सिस्टरना बोल लावत नाही, रात्री अख्ख्या वॉर्डाला त्या एकट्याच होत्या.) तपासणीत पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं, मधल्या काळात राज्याकडून फेरतपासणी होते. ती तरी न कळवता करा. आणि पथकाने काढलेल्या त्रुटींची यादी केसपेपरच्या खिडकीशेजारी लावा, कोणती कधी दुरुस्त झाली त्या तारखेसकट. रांगेत तासभर उभे असतोच, वाचू की आम्ही.