चौथा शनिवार

मागच्या महिन्यात आमच्या वरच्या ऑफिसनं 'टीम बिल्डिंग' नावाचा प्रकार केला. रविवारी. हजेरी कंपल्सरी. एका रिसॉर्टवर सकाळी नऊला सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, मग फुगे फुगवा, लिंबू-चमचा, डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांचा हात धरून चाला, आणि जेवणाआधी तासभर प्रेझेंटेशन, ज्यात पहिल्या स्लाईडवर हॅपीनेस आणि तिसरीपासून इन्शुरन्सचं टार्गेट. पट्टी बांधून मी ज्या बाईंचा हात धरला होता त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

तर कामात आनंद कसा शोधायचा हे मला स्लाईडवर कुणी शिकवू नये. बँकेत वीस वर्षं होत आली, मला आनंद कुठं सापडला ते सांगते.

2016 चा नोव्हेंबर. 8 तारखेला रात्री नोटाबंदी जाहीर झाली, 10 ला सकाळी शटर उघडलं तर रांग पार कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. 12 ला दुसरा शनिवार होता, म्हणजे आमची हक्काची सुट्टी (बँकांना दुसरा-चौथा शनिवार मिळायला लागून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं), तीही गेली आणि रविवारही गेला. बदलून द्यायची लिमिट आधी चार हजार, मग साडेचार, मग एकदम दोन हजार, आणि प्रत्येक बदलाला शिव्या काऊंटरवरच्या माणसाला. बोटाला शाई लावायचं काम आमच्या शिपाईमामांकडं आलं. ते म्हणायचे, मतदान न करताच सरकार बदलल्यासारखं वाटतंय.

त्यातल्याच एका रात्री कॅश टॅली होईना. सहा हजार शॉर्ट. मशीन तापून बंद पडलं म्हणून हातानं मोजलं, तीनदा मोजलं, व्हाउचर परत तपासली, रात्रीचे पावणेअकरा झाले आणि सहा हजार काही उगवेनात. कॅश कमी पडली की कॅशियरनं खिशातनं भरायची, बँकवाल्यांना हे सांगायला नको. आमच्या कॅशियर मॅडम रडत नव्हत्या, नुसत्या रबरबँड बोटाला गुंडाळत-सोडत बसल्या होत्या, ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं.

तेवढ्यात मामांनी खिशातनं शंभराच्या पाच नोटा काढून टेबलावर ठेवल्या. ज्यांचा पगार ब्रँचमध्ये सगळ्यात कमी त्यांनी. आणि त्या दिवसांत शंभराच्या पाच नोटा म्हणजे काय हे ज्यानं रांग लावलीय त्यालाच कळेल. मग मी, मग लोनवाला पोरगा, मग साहेब. मॅडम नको नको म्हणत राहिल्या. सव्वाअकराला डे एंड झाला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाला, आणि बाहेर येऊन आम्ही सगळे कारण नसताना हसत होतो, भूक लागली होती म्हणूनही असेल.

त्यानंतरची आमची पहिली ट्रिप 2017 च्या सप्टेंबरात, चौथा शनिवार, कास पठार. कराडहून भाड्याची ट्रॅक्स. नवरात्र लागलेलं म्हणून अर्ध्या जणांना उपवास, मग साबुदाण्याची खिचडी एका डब्यात आणि चपाती-ठेचा दुसऱ्यात. बँकेचा विषय काढणाऱ्याला दहा रुपये दंड असं ठरलं, यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत साहेबांचेच सत्तर झाले. वर गेलो तर हे धुकं! दहा फुटांपुढचं फूल दिसेना. पण मामांचं गाव त्याच डोंगरात, ते वाकून वाकून दाखवायला लागले, ही सीतेची आसवं, ही सोनकी, हा तेरडा, ती कारवी आता सात वर्षांनी एकदा फुलते, पाय जपून ठेवा साहेब. आणि साहेब मागनं मुकाट्यानं 'बरं मामा' म्हणत चाललेले. एरवी ह्याच माणसाला आम्ही दिवसभर चहा आणा, लेजर आणा, झेरॉक्स आणा म्हणतो. सोमवारी मात्र साहेबांनी पाण्याचा ग्लास स्वतः उठून घेतला, मी बघितलं.

आता ह्याला कुणी म्हणेल, तुमचं नशीब चांगलं, माणसं चांगली मिळाली. मिळाली, मान्य. पण ह्याच माणसांना त्या नोव्हेंबरआधी मी गुड मॉर्निंगच्या पुढं ओळखत नव्हते. आणि आमच्यातही एक पोरगी आहे, नवीन लागलेली, ती ट्रिपला येत नाही, म्हणते मॅडम मला सुट्टीत झोपायचंय. तिचंही बरोबर आहे! महिन्याला दोनच शनिवार, ते कुणी कसे घालवावेत हे ऑफिसनं का ठरवायचं? आम्ही तिला विचारतो, आग्रह करत नाही, येताना तिच्या वाटणीचे कंदी पेढे आणतो. दंडाच्या पैशातनं.

कॅशियर मॅडमची मधे बदली झाली, तरी ग्रुपवर आहेत. कासच्या ट्रिपला गाडीचं भाडं विचारायला गेलो तर ड्रायव्हर म्हणाला, त्या ताईंनी दिलं की सकाळीच. कुणी काही बोललं नाही. मामांनी फक्त डबा पुढं केला, म्हणाले, खिचडी संपवा, परत न्यायची नाही.

ह्या चौथ्या शनिवारी सज्जनगड करून ठोसेघर. ठेचा ह्या वेळी माझ्याकडं आहे.