नऊ एकोणतीसचं भूत

शनिवारी सकाळी नऊ वाजून एकोणतीस मिनिटांनी, हाताला कणीक लागलेली असताना माझा मोबाइल टिणकन वाजला आणि मला कळलं, की पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत मला एका भुताला कपडे धुवायला पाठवायचं आहे.

नीट सांगते. न्यूयॉर्कहून चालणारी ‘एनवायसी मिडनाइट’ नावाची एक कथास्पर्धा आहे. २००२ पासून चालू आहे. त्यातला मी भरलेला प्रकार असा : तिथली मध्यरात्र व्हायला एक मिनिट उरलं, की तुम्हाला तीन गोष्टी कळतात. कथेचा प्रकार, कथा घडण्याची जागा आणि कथेत दिसायलाच हवी अशी एक वस्तू. त्यावर हजार शब्दांची गोष्ट अठ्ठेचाळीस तासांत लिहून पाठवायची. इंग्रजीत. शुक्रवारची त्यांची मध्यरात्र म्हणजे आमची नाशिकची शनिवार सकाळ. त्यामुळे ते लोक रात्री शांतपणे विषय वाचून त्यावर झोप घेतात आणि आमच्याकडे तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते. मुदत संपते ती सोमवारी सकाळी नऊ एकोणतीसला. माझ्या ऑफिसात अंगठा लावायची वेळ पावणेदहा. हा हिशेब मी फी भरण्याआधी केला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. फी डॉलरमध्ये होती. मिक्सरच्या नव्या भांड्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत ती बसली. मिक्सरचं झाकण अजून हाताने दाबून धरावं लागतं.

एवढं धाडस मी केलं त्याला कारण शाळा. ‘खालील मुद्द्यांच्या आधारे गोष्ट लिहा, योग्य शीर्षक द्या व तात्पर्य लिहा’ या प्रश्नात मी कधीही गुण घालवले नाहीत. लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड, देवी, प्रामाणिकपणा. मधल्या आडव्या रेघा तेवढ्या भरायच्या. पूर्वी राजेलोक तर कवींना नुसता श्लोकाचा शेवटचा चरण द्यायचे, तोही ‘ठंठंठठंठं’ असला, आणि कवी वरचे तीन चरण रचून तो पुरा करायचे. अभिषेकाचं पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटून पायऱ्यांवरून घरंगळत गेली, तिचा तो आवाज म्हणे. आख्यायिकेत हा मान कालिदासाला जातो. कालिदासाला पोळ्या करायच्या नव्हत्या, हा मुद्दा आख्यायिकेत येत नाही.

मला आलेले मुद्दे होते : भूतकथा. लाँड्रोमॅट. लेडल.

लेडल म्हणजे डाव, हे मी मोठ्याने म्हणाले आणि तिथेच पहिला तास गेला. नवरा म्हणाला, “डाव कसा? लेडल म्हणजे पळी.” मी म्हटलं, पळी फोडणीची असते, वरणाचा डाव असतो. तो म्हणाला, त्यांच्याकडे वरण कुठे असतं. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, की संध्येची असते ती पळी, आणि तुम्ही दोघं म्हणताय ती डवली, ती करवंटीची असते. चिरंजीवांनी मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. फोटोतली वस्तू आमच्या घरात आहे, रोज वापरात आहे आणि तिला कोण काय म्हणतं यावर या घरात पंचवीस वर्षांत एकमत झालेलं नाही, हे त्या निमित्ताने कळलं. मी ती वस्तू स्टँडवरून काढून लॅपटॉपशेजारी ठेवली. म्हटलं, समोर असली की सुचेल.

लाँड्रोमॅट मी कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाला आहे, त्याच्या टपरीत भूत शिरायला जागाच नाही. म्हणून न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या नणंदेला फोन लावला. तिच्याकडे मध्यरात्र उलटली होती, पण ती बिचारी उठून सांगू लागली. सुरुवातीला भाड्याच्या घरात राहत होते तेव्हा ते लोक तिथेच कपडे धुवायचे. रांगेने यंत्रं असतात, पुढून गोल काचेची दारं, रात्रीही चालू. फोन स्पीकरवर होता.

“आणि मशीनमध्ये आधी क्वार्टर टाकायची,” नणंद म्हणाली.

देवघरातली घंटा थांबली.

“मशीनीत क्वार्टर?” सासूबाई बाहेर आल्या. सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या. नाशकात पन्नास वर्षं झाली, पण धक्का बसला की मालवणीतच बसतो. “माझां चेडू थंय जाता?” चेडू म्हणजे लेक.

क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, एकशेऐंशी मिलीची बाटली नव्हे, हे पटवण्यात आणखी वीस मिनिटं गेली. नणंदेने शेवटी नाण्याचा फोटो पाठवला. तो त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि “बरां” म्हणाल्या, पण त्या ‘बरां’त पूर्ण विश्वास नव्हता.

अकरा वाजता वीज गेली. आमच्याकडे शनिवार हा दुरुस्तीचा वार. लॅपटॉपची बॅटरी लग्नातल्या आहेराइतकीच जुनी आणि तितकीच उपयोगी, त्यामुळे मी ऑफिसची जुनी डायरी काढून मराठीतच लिहायला बसले. तसंही मला भूत इंग्रजीत सुचतच नाही. पण कुठलं भूत? मुंजा घेतला. लहान आहे, बिनलग्नाचा आहे, वाचकाला कणव येईल.

“मुंजा थंय रवाचो नाय,” सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “त्येका सोवळां लागता. चार लोकांचे कपडे एका मशीनीत? आणि पिंपळ खंय आसा थंय?”

पिंपळ नव्हता. नणंदेने पार्किंग लॉट आहे असं सांगितलं होतं. हडळ घ्यावी तर उलट्या पावलांना बूट कुठले घालायचे हा प्रश्न आला, कारण तिथे अनवाणी आत घेतील का, शंकाच. मी वेतोबाचं नाव काढलं, तेव्हा मात्र सासूबाईंनी भाजीची सुरी खाली ठेवली. आरवलीचा वेतोबा हे भूत नव्हे, देव आहे. तो रात्री गावभर फिरतो म्हणून त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. त्याला धुणं धुवायला लावलंस तर मी आजच्या आज माहेरी जाईन, असं त्या म्हणाल्या. वय वर्षं एकोणऐंशी.

“आणि मूळात,” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “भुतां कित्याक कपडे धुतली गो?”

हा प्रश्न न्यूयॉर्कमधल्या कुणाला सुचला असेल असं मला वाटत नाही. पण तो रास्त होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शनिवार तिथे संपला. म्हणजे वीज आली, मग पाणी आलं, मग कामवाल्या मावशींचा न येण्याचा निरोप आला, मग खालच्या मजल्यावरचं बारसं आलं. बारशाला मी पाळण्याजवळ बसून एका बाळाकडे टक लावून पाहत होते. बाळाच्या आजीने दोनदा दृष्ट काढली.

रविवारी सकाळी पाहुणे. नाशिकला राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांचं कारण विचारायचं नसतं. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर आहे, एवढं पुरतं. हे नवऱ्याचे मामा, नारायण नागबळी करायला निघालेले, वाटेत जेवायला थांबले. अतृप्त आत्म्यांना गती मिळावी म्हणून करतात तो विधी. मी वाढता वाढता, आडून आडून, भुतांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. मामांना आनंद झाला. त्यांनी ताक पिऊन होईपर्यंत अतृप्तीची कारणं सांगितली. त्यांत धुणं नव्हतं. निघताना म्हणाले, “तुझ्या त्या भुताला इकडे पाठवून दे, तीन दिवसांत मोकळं होईल.” माझ्याकडे एकवीस तास होते.

चिरंजीव म्हणाले, “आई, एआयला सांग ना, दोन मिनिटांत देईल.” समोर डाव होताच. मी तो नुसता उचलला.

दुपारी घर झोपलं. मी डायरीच्या कोऱ्या पानावर ‘लाँड्रोमॅट’ असं लिहून त्याभोवती वेल काढत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना दुपारी झोप लागत नाही. म्हणाल्या, की लेकीकडे एडिसनला त्या सहा महिने राहिल्या होत्या, तेव्हा तळघरात कपडे धुवायचं मशीन होतं, पण आपलं लुगडं त्यांनी एकदाही त्यात टाकलं नाही. पिळून पिळून त्याचा जीव काढेल म्हणून. दुपारी सगळी कामावर गेली, की टबात गरम पाणी घ्यायचं आणि लाकडी उलथण्याने ढवळून ढवळून लुगडं धुवायचं. वाळत कुठे घालायचं? खिडकीत घातलं तर जावई म्हणाला, इथे चालत नाही, शेजारी तक्रार करतात. मग न्हाणीघरातच, दार लावून.

“दिसभर घरात कोण नाय. फोन वाजलो तर उचलूचो नाय, दार वाजलां तर उघडूचां नाय. सहा म्हयने मी भुतासारखीच फिरत होतंय गो,” त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मी वेल काढायची थांबले.

पुढचे तीन तास मला कुणी हाक मारली असेल तर ती ऐकू आली नाही. गोष्ट आली ती अशी : जर्सीतलं एक लाँड्रोमॅट, रात्रीचे दोन. रात्रपाळी करून आलेली एक मुलगी बघते, तर सात नंबरच्या यंत्राचं दार उघडं आहे आणि एक नऊवारीतली म्हातारी आत डाव घालून धुणं ढवळते आहे, सार ढवळावं तसं. यंत्र बंद आहे, पाणी मात्र फिरतंय. म्हातारीला कुणाचा सूड घ्यायचा नाही. तिला फक्त हे लुगडं वाळत कुठे घालायचं ते विचारायचं आहे. एवढंच. मराठीत सातशे शब्द झाले. मी उठून चहा केला, साखर विसरले, तरी गोड लागला.

मग सुरू झालं इंग्रजी, आणि मला मराठी किती कंजूष भाषा आहे ते समजलं. आपण एका शब्दाच्या पाठीवर प्रत्ययांची अख्खी वरात बसवतो. ‘शेजारणीकडच्यांनासुद्धा’ हा माझा एक शब्द. त्याचं झालं, ‘इव्हन टू द पीपल अ‍ॅट द नेबर लेडीज प्लेस’. नऊ! आणि त्यांची मर्यादा शब्दांची, दमाची नव्हे. सातशेचे तेराशे चाळीस झाले. नवऱ्याला मदतीला घेतलं. तो ऑडिटमधला माणूस, त्याला कापाकापी आवडते. त्याने प्रत्येक ‘द’ला जाब विचारला. रात्री साडेअकराला आम्ही अकराशे दोनवर होतो, तेव्हा तो म्हणाला, “या म्हातारीला नाव कशाला? ‘ती’ म्हटलं की दोन शब्द वाचतील, आठ वेळा.” मी नाव काढलं. मग लुगड्याचा रंग काढला. मग त्या मुलीचा प्रियकर काढला, तो तसाही काही करत नव्हता. शीर्षक मोजत नाहीत हे कळल्यावर आम्ही उरलेलं सामान शीर्षकात कोंबायचा विचार केला होता, पण ते बरं दिसेना. वाद झाला तो फक्त एका वाक्यावर. म्हातारी सोवळ्यात आहे, तिला शिवू नकोस, असं त्या मुलीला उमगतं ते वाक्य. अकरा शब्द. तो म्हणाला, जजना कळणार नाही. मी म्हटलं, तुझ्या आईला कळेल.

सोमवारी सकाळी एक हजार चार. पोळ्या लाटताना दोन गेले, डबे भरताना एक. शेवटचा हटेना. रिक्षात बसले, मांडीवर लॅपटॉप, मोबाइलचं नेट. नऊ एकवीस. गोष्टीचं सार एका वाक्यात लिहा, असं त्या पानाने विचारलं. याची तयारी नव्हती. द्वारका चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. रिक्षावाले काका आरशातून म्हणाले, “मॅडम, काही अर्जंट का?” मी म्हटलं, एक शब्द जास्त आहे. ते म्हणाले, “मग काढून टाका.” इतकं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं. ‘व्हेरी’ काढला. नऊ सव्वीसला गोष्ट गेली.

ऑफिसच्या दारात अंगठा लावण्यासाठी ओळखपत्र शोधू लागले, तर पर्समधून आधी डाव बाहेर आला. घाईत लॅपटॉपबरोबर उचलला होता. मागे सगळी रांग. साहेबांनी डावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि “आज पॉटलक आहे का?” असं विचारलं. मी हो म्हटलं. मग अकरा वाजता सगळ्यांसाठी बाहेरून मिसळ मागवावी लागली. डाव ड्रॉवरमध्ये टाकला.

निकाल काही आठवड्यांनी आला. परीक्षकांचे अभिप्राय येतात, काय आवडलं आणि काय सुधारायला हवं असे दोन भाग करून. यंत्रात डावाने ढवळणारी म्हातारी आवडली होती. सुधारायला हवं त्यात एकाने लिहिलं होतं, की मुलीने भुताला स्पर्श का केला नाही ते नीट कळत नाही. नवऱ्याने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. गटातल्या पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात, पहिल्याला पंधरा आणि पंधराव्याला एक. मला तीन मिळाले होते.

“म्हणजे कितवी?” सासूबाईंनी विचारलं.

“तेरावी, आई.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “भुताच्या गोष्टीक तेरावां,” त्या म्हणाल्या. “बरोबर आसा.” आणि कंबरेवर हात टेकून उठल्या. “मगे गोडाचां करूक होया. खीर करतंय.”

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. दूध चढलं असावं. मग बराच वेळ स्टँडवर शोधाशोध.

“गो,” आतून हाक आली, “तो डाव खंय आसा?”