पटत नाही, पण जमतं

परवा किराणा घेऊन येताना गाडीत रेडिओवर कंट्री गायक केनी चेस्नीचं 'गेट अलाँग' हे गाणं लागलं. घर आलं तरी मी गाडीतच बसून राहिलो. मागच्या सीटवर फ्रोजन पराठे वितळत होते. बायकोनं खिडकीतून हातानंच 'काय झालं?' विचारलं. म्हटलं, थांब, संपू दे.

अमेरिकेत पूर्व टेनेसीत राहून कंट्री म्युझिक, म्हणजे इथलं गावाकडचं गिटारवालं संगीत, टाळणं अवघड, पण पहिली दोन वर्षं मी ते जमवलं. पिकअप ट्रक, बिअर आणि सोडून गेलेली बायको, यापलीकडे यात आहे काय, असं अस्सल पुणेरी तुच्छतेनं म्हणायचो. चेस्नी तसा इथलाच. जन्म नॉक्सव्हिलचा, वाढला जवळच्या लट्रेल गावात.

गाणं २०१८चं, तिघा गीतकारांनी मिळून लिहिलेलं. त्यातला शेन मॅकनॅली उघडपणे समलिंगी आहे, आणि कंट्री म्युझिकची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये ही लहान गोष्ट नाही. गाण्यात एक माणूस भेटतो, एका हातात बायबल, दुसऱ्या हातात बाटली. मला हा बाबा फार आवडतो. गाणं त्याला दोन्हीतलं काहीच खाली ठेवायला सांगत नाही! मग ध्रुवपदात नुसती कामांची यादी: भिंत रंगव, नाचायला शीक, आईला फोन कर, होडी घे, बिअर पी. होडीचं चेस्नीच्या खिशाकडे बघून ठरवलेलं दिसतंय. पण आईच्या फोनापाशी मी दर वेळी अडकतो. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे सात, तिच्या चहाची वेळ.

आता या शब्दाची गंमत बघा. 'गेट अलाँग' म्हणजे जमवून घे. पण जुने काउबॉय वासरं हाकतानाही हेच ओरडायचे: चला, पुढे सरका. गाण्यात दोन्ही अर्थ एकदम येतात. मराठीत हा श्लेष साधत नाही, पण आपल्याकडे त्याहून नेमकी सोय आहे. पटणं वेगळं, जमणं वेगळं. माझ्या आईचं आणि आत्याचं चाळीस वर्षांत एकदाही पटलं नाही. दिवाळीच्या चकल्या मात्र दोघी मिळूनच करायच्या. एक सोऱ्या दाबणार, दुसरी तळणार, आणि भाजणी कुणामुळे बिघडली यावर शेवटच्या घाण्यापर्यंत भांडण. हे गाणं मला त्या चकल्यांचं वाटतं. एकमत व्हा असं ते कुठेच म्हणत नाही.

आक्षेप मलाही सुचतो. जमवून घे, हे सुनेला सांगतात, सासूला कुणी सांगत नाही. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारणारे पोलीस निर्दोष सुटले म्हणून १९९२ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं, तेव्हा तो टीव्हीसमोर येऊन विचारत होता, आपण सगळे जमवून नाही का घेऊ शकत? पोलिसांनी झोडपलेला तोच, आणि विचारणाराही तोच. चेस्नीच्या ध्रुवपदाच्या शेवटी जवळजवळ तोच प्रश्न येतो, पण असा गोड चालीत की किंगची आठवण कितीजणांना होत असेल, शंकाच आहे. तेवढं मला खटकतं. तरी हे नुसतं गोडगोड बोलणं नव्हे. २०१७च्या इर्मा वादळानं कॅरिबियनमधल्या सेंट जॉन बेटाची वाट लावली, त्यात चेस्नीचं तिथलं घरही गेलं. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे, त्याची कमाई त्यानं बेटांच्या मदतीला दिली.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या अंगणात ज्या उमेदवाराची पाटी आहे, त्याचं नाव ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. मागच्या उन्हाळ्यात वादळात आमचं झाड आडवं झालं. सकाळी सातला हे न बोलावता करवत घेऊन हजर. अकरापर्यंत दोघांनी ओंडके केले, राजकारणाचा एक शब्द नाही. हिनं डबा भरून शंकरपाळे दिले. चार दिवसांनी डबा धुऊन परत आला, आत त्यांच्या परसातले टोमॅटो. वर विचारणा, त्या चौकोनी कुकीज पुन्हा कधी?

पाटी अजून तिथंच आहे.