प्राडाची चप्पल आणि नाव न घेण्याची सोय

"तू प्राडाच्या कोल्हापुरीवर लिही ना," असं मला जो तो सांगतोय. कलेतिहासात एम.ए. करून हाय फॅशनमध्ये कुठून काय आलं ते शोधत बसते, म्हणून. तर घ्या.

जून 2025, मिलान. प्राडा या महागड्या इटालियन फॅशन ब्रँडचा शो. मॉडेलांच्या पायात उघड उघड कोल्हापुरी. अंगठा, पट्टा, वेणी, सगळं तेच. सोबतच्या माहितीत मात्र नुसतं 'लेदर सँडल'.

उचललं याचा मला राग नाही. फॅशन उसनवारीवरच जगते. शियापरेली या फॅशन डिझायनरने 1935 सालीच साडीवरून गाऊन केले होते. पण 1965 मध्ये फ्रेंच डिझायनर इव्ह सँ लोराँने चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून ड्रेस शिवले, ते आजही 'मोंद्रियान ड्रेस' म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे नाव घ्यायचं कळतं यांना. चित्रकाराच्या नावाने भाव वाढतो, चप्पल शिवणाऱ्याच्या नावाने वाढत नाही, एवढाच हिशेब.

त्यात कायद्याची गंमत बघा. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. (हो, कर्नाटकालाही. प्राडावर चिडून पोस्टी टाकताना आपण ते सोयीस्कर विसरलो.) जीआय राखतं ते नाव, वस्तूचा घाट नव्हे. 'कोल्हापुरी' म्हणून विकली असती तर अडकले असते, नाव गाळलं म्हणून सुटले! प्राडाविरुद्धची मुंबई हायकोर्टातली जनहित याचिकाही जुलैत फेटाळली गेली.

खरी चप्पल हातात घेऊन बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण, बाजूला कान. वेणी बहुतेक घरातल्या बायका वळतात. हीच वस्तू संग्रहालयात ठेवली तर खालच्या पाटीवर साहित्य, तंत्र, ठिकाण लिहिल्याशिवाय कुणी काचेआड ठेवणार नाही. रॅम्पला ही शिस्त का नको?

डिसेंबरात प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, इथल्या कारागिरांकडून चपला बनवून घेण्याचा. 2,000 जोड, किंमत साधारण 800 युरो. बरं झालं. पण डब्यावर कारागिराचं नाव येणार का, हे मला बघायचंय. आपल्याकडच्या दुकानांत तरी कुठे असतं म्हणा! तिथे आपण "शेवटचं किती?" एवढंच विचारतो.

कुणाकडे ओळखीच्या कारागिराने शिवलेली जुनी कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. गाव आणि, त्यांची हरकत नसेल तर, नावासकट.