हेल्मेट काढा, म्हणजे अभिनय दिसेल

उद्या एखाद्या बड्या स्टुडिओने कोट्यवधी खेळाडूंच्या जिव्हाळ्याचा व्हिडिओ गेम तुमच्या ओटीत घातला आणि "याची मालिका करून द्या" असे सांगितले, तर गांगरून जाऊ नका. गेम खेळता न येणे ही या कामात उणीव नसून पात्रता आहे. गेल्या रविवारी पत्नीला शेजारी बसवून मी 'हेलो' या गाजलेल्या गेमवरची त्याच नावाची मालिका मोठ्या हौसेने पाहायला घेतली, तेव्हापासून या विषयातली माझी जाण एकाएकी वाढली आहे. हे ज्ञान एकट्याने बाळगणे बरे नव्हे, म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, मूळ गेमकडे ढुंकूनही पाहू नका. मालिकेच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या स्टीव्हन केन यांनी २०२२ साली 'व्हरायटी' या मनोरंजनविषयक नियतकालिकाशी बोलताना सांगूनच टाकले होते की, आम्ही गेम पाहिला नाही, त्यावर चर्चाही केली नाही. आम्ही व्यक्तिरेखांविषयी आणि त्या जगाविषयी बोललो. पोहरा आडात न सोडताच भरून काढण्याची ही कला सर्वांनी आत्मसात करावी.

दुसरी गोष्ट हेल्मेटची, आणि ती जरा सविस्तर समजून घ्यावी लागेल. मास्टर चीफ हा गेमचा नायक, हिरव्या चिलखतातला धिप्पाड सैनिक. १५ नोव्हेंबर २००१ रोजी पहिला गेम आला, तेव्हापासून त्याच्या सोनेरी काचेमागचा चेहरा खेळाडूला धड दिसलेला नाही. यात गूढ वगैरे काही नाही. हा गेम चीफच्याच डोळ्यांतून दिसतो, त्यामुळे जो खेळत असेल त्याचाच चेहरा त्या काचेमागे असतो. आमच्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहात चार संगणक एका स्विचला जोडून आम्ही याची फुकट मिळणारी ट्रायल आवृत्ती खेळत असू. एक मोहीम आणि सर्वांनी मिळून लढायला ब्लड गल्च हे एकच मैदान एवढाच तिचा ऐवज होता, आणि तेवढ्यावर आम्ही अख्खी दोन वर्षे काढली. गोळ्या लागून चिलखताभोवतीची ऊर्जेची ढाल उतरली की कानाशी तो टिंव-टिंव गजर सुरू व्हायचा. मग खडकामागे दडून, माउसवरचा घामेजलेला हात पँटला पुसत, ढाल पुन्हा भरत असल्याचा तो चढत जाणारा सूर ऐकायचा आणि सूर थांबला की बाहेर पडायचे. त्या वेळी हेल्मेटात मी असायचो, आणि माझ्यावर नेम धरणाऱ्या हेल्मेटात मेसचे पैसे थकवलेला माझा मित्र असायचा. हा सगळा इतिहास पत्नीला मी लग्नापासून ऐकवत आलो आहे.

आणि मालिकेत काय होते? पहिल्याच भागात, समोरच्या मुलीचा विश्वास बसावा म्हणून हे महाशय हेल्मेट काढून मोकळे होतात! पत्नीने शेंगदाण्यांची वाटी खाली ठेवली आणि शांतपणे विचारले, "अरे, हाच ना तो, ज्याचा चेहरा वीस वर्षांत कोणी पाहिला नाही?" मला उत्तर सुचले नाही. पुढे तर चीफ बहुतेक वेळ उघड्या डोक्यानेच वावरतो आणि एके ठिकाणी चिलखताबरोबर बाकीचेही उतरवून पाठमोरा उभा राहतो. चीफची भूमिका करणाऱ्या पाब्लो श्रायबर यांचा यात काही दोष नाही, ते जीव ओतून काम करतात. पण चेहरा दिसल्याशिवाय प्रेक्षकापर्यंत भावना पोहोचत नाही, हे कोणी ठरवले? 'द मँडलोरियन' या मालिकेच्या पहिल्या हंगामात सदैव हेल्मेटात असलेल्या नायकाचा चेहरा एकदाच दिसतो, तरीही नुसत्या मान कलण्यावरून त्याच्या मनात काय चालले आहे ते लहान पोरालाही कळते. आवाज आहे, चाल आहे, खांदे आहेत, उत्तर देण्याआधीचे थांबणे आहे. एवढ्या भांडवलावर ज्याला दोन प्रसंग लिहिता येत नाहीत त्याने लेखणीला हात तरी कशाला लावावा? असो. आपण सल्ले देत आहोत.

अंगावर काटा आणणारी मूळ धून हिंगासारखी, चिमूटभरच वापरावी.

नायक अडचणीचा वाटू लागला तर त्याला सरळ रजा द्यावी. पहिल्या हंगामाचा सातवा भाग मॅड्रिगल ग्रहावरच्या क्वान नावाच्या मुलीच्या घराण्याच्या वारशावर खर्ची घालून हे करून दाखवण्यात आले आहे.

प्रेमप्रकरण तर हवेच. त्यासाठी गेममध्ये नसलेली माकी नावाची स्त्री निर्माण करावी, तिला लहानपणापासून शत्रूच्या गोटात वाढवावे, ती कैदेत असताना नायकाशी तिचे सूत जुळवावे, आणि नायकाच्या डोक्यात बसलेली कोर्टाना ही कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे पाहत आहे याचा प्रेक्षकाला विसर पडू देऊ नये. कोर्टानाला आवाज मात्र गेममधल्याच जेन टेलर यांचा द्यावा, म्हणजे आपण काय गमावले आहे हे जुन्या चाहत्याला प्रत्येक वाक्यागणिक आठवत राहील.

चाहत्यांनी तक्रार केलीच, तर ही 'सिल्व्हर टाइमलाइन' नावाची वेगळी कालरेषा आहे, असे सांगून हात झटकावेत.

बदल करू नका, असे तुम्हाला कोणीही म्हटले नव्हते. २०२४ साली आलेल्या 'फॉलआउट' या गेमवरच्याच मालिकेची गोष्ट नवी आहे, माणसे नवी आहेत, पण तो निळा पोशाख, मनगटावरचा पिप-बॉय नावाचा छोटा संगणक आणि उद्ध्वस्त जगात वाजणारी ती जुनी गोड गाणी जिथल्या तिथे आहेत. 'द लास्ट ऑफ अस' या तशाच मालिकेत मूळ गेमचे लेखक नील ड्रकमन स्वतः होते, तरीही तिसऱ्या भागात बिल आणि फ्रँकची कहाणी पार बदलली, आणि गेम पाठ असलेली माणसेही ती पाहून रडली. त्यांना आपल्या गेमची लाज वाटत नव्हती. तुम्हाला वाटत होती. तुम्हाला नाव हवे होते, चिलखत हवे होते, वीस वर्षे जमलेले आयते गिऱ्हाईक हवे होते; फक्त हा पोरखेळ आपण खेळतो असे कोणी म्हणायला नको होते. मग दुसरी विज्ञानकथा लिहायची होती, चिलखताला दुसरा रंग द्यायचा होता. कोणी अडवले होते? मे २०१३ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे नाव पुढे करून घोषणा झाली आणि मालिका मार्च २०२२ मध्ये आली. या जवळजवळ नऊ वर्षांत एखाद्या शनिवारी दुपारी कंट्रोलर हातात घेऊन बसायला तुमचे काय जात होते? पहिल्या गेमची दुसरीच मोहीम अंतराळातल्या त्या प्रचंड वलयावर सुरू होते, आणि तिचे नावच 'हेलो' आहे. त्या वलयावर नायकाला उतरवायला तुम्हाला सतरावा भाग उजाडला, आणि जुलै २०२४ मध्ये मालिका बंद झाली.